बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यात धंदा टाकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीमाभागातल्या आपल्या मुलांनी पुण्याची वाट धरण्याआधी घराजवळच्या संधी नीट पाहाव्यात, म्हणून ही उत्तरं लिहिली आहेत. छोटे कारखानदार, घाऊक व्यापारी, दुकानदार आणि नव्याने शेड घेऊ पाहणारे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत.

पुणे किंवा कोल्हापूर सोडून बेळगावातच धंदा का टाकावा?

इथे एका जागेवर बसून तीन राज्यांचं गिऱ्हाईक मिळतं. कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, हुबळी १०० च्या आसपास, पणजी चोर्ला घाटाने सव्वाशेच्या आत, पुणे सुमारे ३४० आणि बेंगळुरू सुमारे ५००. पुणे-बेंगळुरू महामार्ग क्रमांक ४८ गावाला लागूनच जातो. रात्री भरलेला टेम्पो सकाळी पुण्याच्या गेटवर उभा राहतो. मिरज-लोंढा रेल्वेमार्ग गावातून जातो, सांब्र्याला विमानतळ आहे आणि ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरूला वंदे भारत सुरू झाली आहे.

दुसरं कारण माणसांचं. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून इथेच आहे. इंजिनिअरिंग कॉलेजं आणि आयटीआय भरपूर आहेत. तीन-चार भाषा बोलणारा विक्रेता किंवा सुपरवायझर इथे शोधावा लागत नाही. सकाळी कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाशी मराठीत, दुपारी दावणगेऱ्याच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये आणि संध्याकाळी म्हापशाच्या दुकानदाराशी कोकणीत बोलणारा पोरगा दुसऱ्या शहरात पगार देऊनही सहज मिळत नाही.

मात्र हा फायदा हातात यायचा तर कागदपत्रं दोन राज्यांच्या हिशेबाने सांभाळावी लागतात. माल चांगला असूनही इथले बरेच धंदे तिथेच अडतात. म्हणून खालची बरीच उत्तरं कागदांबद्दल आहेत.

कोणत्या भागात कोणता धंदा जमतो?

उद्यमबाग, मच्छे, नावगे, ऑटोनगर हा ओतकाम, मशिनिंग आणि हायड्रॉलिक भागांचा पट्टा. पॅटर्न (साचा पाडायचा नमुना), कास्टिंग, मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग ही सगळी कामं पाच-सात किलोमीटरच्या आत होतात. नव्या माणसाला सगळी यंत्रं घ्यावी लागत नाहीत, एक सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) टाकून बाकीचं काम बाहेर देता येतं. हत्तरगीला विमानांच्या सुट्या भागांचं सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आहे, तिथल्या पुरवठादारांना अचूक मशिनिंग आणि तपासणीची कामं लागतात.

वडगाव, शहापूर, खासबाग भागात यंत्रमागावर साड्या होतात. निपाणी तंबाखू आणि विडीसाठी ओळखली जाते. चिक्कोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी, गोकाक हा उसाचा मुलूख असल्यामुळे तिथे कारखान्यांची देखभाल, पंप, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि गूळ यांचं काम वर्षभर निघतं. खानापूरची माती कौलं-विटांची. केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही खानापुरातच आहे. बेळगाव तालुक्यातला भाजीपाला रोज गोव्याला जातो.

बेळगावात कास्टिंग करून घ्यायचं आहे. फौंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) काय काय द्यावं?

नुसता जुना भाग नेऊन "असाच पाहिजे" म्हणू नका. ड्रॉइंग द्या आणि त्यावर बिडाची (कास्ट आयर्नची) प्रत लिहा. साध्या बिडासाठी एफजी २०० किंवा एफजी २६० (आयएस २१०), एसजी (चिवट बीड) असेल तर ४००/१५ किंवा ५००/७ (आयएस १८६५). कुठल्या पृष्ठावर मशिनिंग होणार ते लाल पेनने दाखवा. लहान भागाला साधारण ३ मिलिमीटर जादा ठेवतात.

पॅटर्न करताना आकुंचन धरावं लागतं. साध्या बिडाला मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या फ्लँजला ३ मिलिमीटर. पोलादाला याच्या दुप्पट लागतं. त्यामुळे बिडाचा पॅटर्न पोलादाला वापरला की भाग लहान येतो. पन्नास-शंभर नगांसाठी लाकडी पॅटर्न पुरतो. कायमचं काम असेल तर अॅल्युमिनियमचा करून घ्या, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि माप सरकतं. पॅटर्नचे पैसे तुम्ही दिले असतील तर त्यावर तुमचं नाव कोरून घ्या आणि तो तुमच्या मालकीचा आहे हे पर्चेस ऑर्डरमध्ये लिहा. फौंड्री बदलताना सर्वात जास्त भांडणं पॅटर्नवरूनच होतात.

आधी पाच नमुने घ्या. एक मधोमध कापून पाहा, दोन मशिनवर लावा, दोन मापासाठी ठेवा. त्यानंतरच मोठी ऑर्डर द्या.

अजून एक मुद्दा ठरवून घ्या. दर किलोवर असतो, पण दोष बहुतेक वेळा मशिनवर लावल्यावर कळतो. बोअर करताना दुसऱ्या-तिसऱ्या कटाला आतलं भोक उघडं पडतं. तोवर टूल आणि मशिनचे तास खर्ची पडलेले असतात. फौंड्री सहसा कास्टिंग बदलून देते, मशिनिंगचा खर्च देत नाही. तो कोण सोसणार, हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या.

जून ते सप्टेंबर रिजेक्शन का वाढतं?

ओल हेच कारण. ओल्या वाळूच्या साच्यात साधारण ३ ते ४ टक्के पाणी असावं. बेळगावच्या पावसाळी हवेत वाळूचा ढीग आपोआप ओल धरतो आणि मोल्डर सवयीने तेवढंच पाणी मारतो. वितळलेलं बीड पडलं की वाफ होते, तिला बाहेर जायला वाट मिळत नाही आणि भागात फुगे राहतात.

मीटर नसेल तर हाताने पाहा. वाळूची मूठ आवळा आणि उघडा. बोटांचे ठसे स्वच्छ उठले, मुटका मधोमध मोडल्यावर कडा तुटल्या नाहीत आणि तळवा ओला लागला नाही, तर वाळू बरोबर आहे. तळव्याला चिकटली तर पाणी जास्त झालंय. कोअरही (भागातली पोकळी राखणारे वाळूचे गाभे) सिलिकेट आणि कार्बन डायऑक्साइडचे असतील तर पावसात ते ओल धरून ठिसूळ होतात. आज केलेले आजच वापरा, उरलेले प्लॅस्टिकखाली झाकून ठेवू नका, कारण आतच ओल कोंडते. लेडल (धातू ओतायचं भांडं) लाल होईपर्यंत तापवा. उघड्यावर भिजलेलं स्क्रॅप थेट वितळलेल्या भट्टीत टाकलं तर धातू उसळतो आणि माणूस भाजतो. स्क्रॅपवर पत्रा घालायला लागणारा खर्च एका अपघातापुढे काहीच नाही.

माझी उलाढाल ४० लाखांच्या आत आहे. तरी जीएसटी नोंदणी लागते का?

माल फक्त कर्नाटकात विकत असाल तर ४० लाखांपर्यंत सूट आहे. कोल्हापूर, सांगली किंवा गोव्याला करपात्र मालाचा एक नग जरी विकला तरी तो आंतरराज्य पुरवठा होतो आणि पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. सेवा देणाऱ्यांना आंतरराज्य असली तरी २० लाखांपर्यंत सूट आहे.

कंपोझिशन योजना (लहान धंद्यांसाठी उलाढालीवर ठोक दराने कर) घेतलेल्याला राज्याबाहेर माल विकताच येत नाही. सीमेवरच्या दुकानदाराने ही योजना घेण्याआधी आपलं किती गिऱ्हाईक चंदगड, कागल, गडहिंग्लजचं आहे ते मोजावं.

बिल करताना पहिल्या दोन आकड्यांकडे लक्ष ठेवा. गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू झाला तर तो कर्नाटकचा, २७ ने झाला तर महाराष्ट्राचा, ३० म्हणजे गोवा. माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर आयजीएसटी (आंतरराज्य कर) लावायचा. चुकून राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी भरला तर योग्य कर पुन्हा भरावा लागतो आणि चुकीचा परत मागावा लागतो. व्याज लागत नाही, पण पैसे महिनोन्महिने अडकतात.

निपाणीहून कागल वीस-बावीस किलोमीटर आहे. ई-वे बिल कशाला?

हा गैरसमज फार महाग पडतो. ई-वे बिल म्हणजे मालाच्या वाहतुकीची ऑनलाइन नोंद. पन्नास किलोमीटरच्या आत गाडीचा नंबर भरावा लागत नाही, ही सवलत राज्याच्या आतल्या वाहतुकीसाठी आहे, तीही वाहतूकदाराच्या गोदामापर्यंत माल नेताना. कोगनोळी (सीमेवरचा नाका) ओलांडली की राज्य बदलतं. करपात्र मालाची किंमत ५० हजारांच्या वर असेल तर पूर्ण ई-वे बिल, गाडी नंबरसह, लागतंच.

बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. पुण्याला दोन दिवस मिळतात. गाडी बिघडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. कोल्हापुरात माल दुसऱ्या ट्रकमध्ये चढवला तर ई-वे बिलाच्या भाग-ब (गाडीचा तपशील) मध्ये नवा नंबर टाकायला ट्रान्सपोर्टवाल्याला बजावून सांगा. बहुतेक गाड्या याच चुकीवरून पकडल्या जातात. मालक पुढे आला तरी दंड कराच्या दुप्पट भरावा लागतो.

कोल्हापूरची कंपनी आमच्याकडे मशिनिंगला कास्टिंग पाठवते. माल वीस हजारांचाच असतो. मग?

जॉब वर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, दुसऱ्या राज्यात माल पाठवताना किमतीची अट नाही. दोन हजारांचा माल असला तरी ई-वे बिल लागतं. सोबत तीन प्रतींत डिलिव्हरी चलान द्यायचं. त्यावर नग, वजन, अंदाजे किंमत आणि "जॉब वर्कसाठी" असा उल्लेख असावा.

माल एका वर्षाच्या आत परत जायला हवा. तसं झालं नाही तर तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. डाय, जिग, फिक्श्चर अशा साधनांना ही मुदत नाही. मशिनिंगनंतर निघालेला भुसा आणि रिजेक्ट भाग कुणाचे, याची नोंद चलानवर ठेवा. वजनाचा हिशेब जुळला नाही तर कंपनी तेवढं बिल कापते. आयटीसी-०४ हे विवरण माल पाठवणाऱ्या कंपनीने भरायचं असतं, पण तिला आकडे तुमच्या चलानवरूनच मिळतात.

कोल्हापुरात छोटं गोदाम घेतलं तर चालेल का?

चालेल, पण महाराष्ट्रात वेगळी जीएसटी नोंदणी घ्यावी लागेल. बेळगावातून तिथे माल हलवला तरी दोन्ही नोंदण्या तुमच्याच असूनही तो करपात्र पुरवठा धरतात. रोज दोन-तीन टेम्पो जात असतील तरच हे परवडतं.

दुकानाच्या पाटीवर मराठी लिहिता येते का?

येते. कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार पाटीचा ६० टक्के भाग कन्नड असावा आणि तो वरच्या बाजूला असावा. दहा फूट बाय तीन फुटांची पाटी म्हणजे तीस चौरस फूट. त्यातले अठरा कन्नडला, बारा मराठी-इंग्रजीला. पाटी रंगवण्याआधी पेंटरकडून मापासह कागदावर आराखडा घ्या. ट्रेड लायसन्सच्या वेळी पाटीवरून अडवणूक होऊ नये, हाच हेतू. आपल्या भाषेसाठी उरलेली जागा पुरेशी ठळक ठेवा, ती कायद्यानेच मिळते.

कन्नड वाचता येत नाही. सरकारी कामं कशी करायची?

जीएसटी, उद्यम (लघुउद्योगांची नोंदणी), प्राप्तिकर, पीएफ ही पोर्टलं इंग्रजीत आहेत. महापालिका, तहसील, उपनिबंधक आणि पंचायतीचे कागद कन्नडमध्ये येतात. तक्रार किंवा निवेदन मराठीत देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. तो वापरायला संकोच नको. मात्र करार, विक्रीखत आणि नोटिसा समजून घेण्यासाठी पैसे देऊन जाणकाराकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. सही नंतर करा.

एक बारकावा. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' तसेच 'ओ' वेगळे असतात, मराठीत नाहीत. त्यामुळे देसाई, बोकडे अशी आडनावं दोन कागदांवर दोन तऱ्हांनी उमटतात. बँकेत कर्जाच्या वेळी हे नडतं. पॅनवर जे इंग्रजी स्पेलिंग आहे तेच सगळीकडे द्या आणि उताऱ्यावरचं नाव कर्जाच्या आधीच जुळवून घ्या.

शेडसाठी शेतजमीन घ्यायची आहे. काय तपासावं?

कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. घेतल्यावर बिगरशेती करून घ्यावी लागते का, ते मात्र तहसीलमध्ये आधी विचारून घ्या.

महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याच्या जागी इथे आरटीसी असते. तिला आपल्याकडे पहाणी किंवा उतारा म्हणतात. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, १० मध्ये जमीन कशी आली ते, ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क, १२ मध्ये कसणारा. लोक ९ पाहून खूश होतात. सोसायटीचं कर्ज ११ मध्ये दडलेलं असतं. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन १९७८ च्या कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तसा व्यवहार अनेक वर्षांनंतरही रद्द होऊ शकतो. जमीन मूळची कशी आली हे जुन्या फेरफारांपर्यंत मागे जाऊन पाहा.

खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य आहे, २०११ मध्ये जाहीर झालेलं. त्या बाजूला जमीन घेताना आधी वनखात्याकडे विचारणा करा.

भाड्याची शेड असेल तर करार कर्नाटकच्या मुद्रांकावर करा. कोल्हापुरातून आणलेला स्टॅम्प बेळगावच्या जागेला चालत नाही, आणि हे नेमकं वीज जोडणी किंवा जीएसटी नोंदणीच्या वेळी उघड होतं.

परवाने कोणत्या क्रमाने घ्यावेत?

आधी जागेचा करार, मग पॅन व बँक खातं, उद्यम नोंदणी (मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका), जीएसटी. उत्पादन असेल तर बांधकामाआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती आणि काम सुरू करण्याआधी चालवण्याची संमती. दुकान असेल तर महापालिकेचं ट्रेड लायसन्स आणि उघडल्यापासून तीस दिवसांत कामगार खात्याची नोंदणी. पंधरा कोटींपर्यंतच्या प्रकल्पांचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील एक खिडकी समितीकडे जातात, सुरुवात जिल्हा उद्योग केंद्रातून होते.

सबसिडीवर कर्ज घेणार असाल तर मंजुरीच्या आधी यंत्र विकत घेऊ नका. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) नव्या युनिटसाठी आहे. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, सबसिडी सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के, महिला, अनुसूचित आणि इतर विशेष गटांना २५ आणि ३५ टक्के. शेड महापालिका हद्दीत की पंचायतीत, यावर दहा टक्क्यांचा फरक पडतो. ही रक्कम तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेली असते, लगेच हातात येत नाही. त्या वर्षीची मुदत आणि उद्दिष्ट शिल्लक आहे का, ते उद्योग केंद्रात आधी विचारा.

विजेचं काय?

हेस्कॉमची (इथली सरकारी वीज कंपनी) जोडणी. जुनी शेड घेताना शेवटचं बिल आणि थकबाकी नसल्याचं पत्र मागा, आधीच्या मालकाची बाकी जागेला चिकटून येते. मंजूर भार गरजेपुरताच घ्या, कारण वापर नसला तरी स्थिर आकार पडतो. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खरी कामाला येणारी वीज) ठरलेल्या मर्यादेखाली गेला की दंड लागतो, कपॅसिटर पॅनल पहिल्याच महिन्यात बसवा. इंडक्शन भट्टीला टनामागे साधारण ५५० ते ६५० युनिट लागतात. साचे तयार नसताना धातू वितळवून ठेवला की हा आकडा झपाट्याने वाढतो.

अथणी किंवा निपाणीत केलेल्या चपलेला "कोल्हापुरी" म्हणता येतं का?

हक्काने. २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. इथल्या कारागिरांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी. निर्यातदार हल्ली तो कागद मागतात.

गूळ पॅक करून विकायचा आहे. कर लागतो का?

मोकळ्या ढेपेला लागत नाही. लेबल लावून २५ किलोपर्यंतच्या पाकिटात विकला की ५ टक्के. डब्यावर निव्वळ वजन, पॅकिंगचा महिना, किंमत, पत्ता आणि अन्नपरवाना क्रमांक हवा. एक टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ उतरतो, त्यावरून दर काढा. पावसाळ्यात गूळ पाझरतो. जून आधीच हवाबंद पॅक करा.

गोव्याला माल पाठवायला कोणता घाट?

जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला सर्वात जवळ. जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी भागात पाऊस प्रचंड असतो, अवजड गाड्यांवर बंदी येते. अशा वेळी लोंढा-रामनगरवरून अनमोड किंवा संकेश्वरवरून आंबोली. कोथिंबीर-मिरचीसारख्या मालाला दोन तासांचा फरकही भाव पाडतो. गाडी सुटण्याआधी घाटाची खबर फोनवर घ्या आणि मोठ्या ट्रकऐवजी छोटे टेम्पो ठेवा.

पुण्याची कंपनी तीन-तीन महिने पैसे देत नाही. काय करता येईल?

माल देण्याआधी उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असताना जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. नंतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. दावा पुरवठादाराच्या राज्यातल्या सूक्ष्म-लघु उद्योग सुलभीकरण परिषदेपुढे चालतो, म्हणजे तुम्हाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मुदतीत न दिलेले पैसे मार्चअखेरपर्यंतही न दिल्यास त्या वर्षी कंपनीला तो खर्च प्राप्तिकरात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्चआधी पाठवलेलं स्मरणपत्र चांगलं लागू पडतं. नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही.

कामगार चंदगडहून येतात. व्यवसाय कर कुठे भरायचा?

काम जिथे चालतं तिथे, म्हणजे कर्नाटकात. महिना २५ हजार किंवा जास्त पगाराला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. दहा कामगार झाले की ईएसआय, वीस झाले की पीएफ. एक नोव्हेंबरची सुट्टी इथे पगारी द्यावी लागते, डिलिव्हरीच्या तारखा ठरवताना ती धरा.

सीमाप्रश्न तापला की धंदा अडतो का?

एसटी आणि कर्नाटक परिवहनच्या गाड्या काही दिवस सीमेवर थांबतात. त्यांच्यातून पार्सल पाठवणाऱ्यांचं नुकसान होतं, म्हणून एक खासगी कुरिअर कायम जोडून ठेवा. कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सुवर्णसौधच्या (बेळगावातलं विधानभवन) बाजूला महामार्गावर गाड्या अडकतात, हुबळी-बेंगळुरूचा माल त्या दिवसांत पहाटे काढा.

गाडी एमएच-०९ ची आहे, धंदा बेळगावात. चालेल?

बारा महिन्यांपर्यंत. त्यानंतर कोल्हापूर आरटीओची एनओसी घेऊन केए-२२ किंवा चिक्कोडी भागात केए-२३ नंबर घ्यावा लागतो. टोलची पावती आणि सर्व्हिसिंगची बिलं जपून ठेवा, गाडी इथे केव्हा आली ते त्यावरून दाखवता येतं.